अनिता गॉर्बित्स : हंगेरीच्या हँडबॉलपटूविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिला हँडबॉलचे युरोपातले सामने पाहायला लागलं की हे नाव पहिल्या आठवड्यातच कानावर येतं. मग प्रश्न सुरू होतात. क्लबकडून जवळपास सगळं जिंकलेल्या या खेळाडूच्या नावावर ऑलिंपिक पदक कसं नाही, आणि सगळं आयुष्य एकाच क्लबात का काढलं, हे त्यातले नेहमीचे दोन. नव्या प्रेक्षकांकडून येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत, ती कुठे आहेत ते वाचताना कळेलच.

अनिता गॉर्बित्स कोण?

हंगेरीची माजी हँडबॉलपटू. जन्म १३ मे १९८३, व्हेस्प्रेम शहरात. सेंटर बॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारी खेळाडू. पाठीवर क्रमांक १३. १९९७ मध्ये ती ग्यॉर शहरातल्या ग्यॉरी एटो क्लबमध्ये आली आणि २०२१ मध्ये तिथूनच निवृत्त झाली. मधल्या काळात पाच वेळा चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा), २००५ सालची जगातली सर्वोत्तम महिला हँडबॉलपटू हा आंतरराष्ट्रीय महासंघाचा किताब, आणि देशासाठी जागतिक व युरोपीय स्पर्धांत मिळून चार पदकं.

कुठे 'अनिता गॉर्बित्स' दिसतं, कुठे 'गॉर्बित्स अनिता'. बरोबर काय?

दोन्ही. हंगेरीत आडनाव आधी लिहितात.

हँडबॉल फारसा पाहिलेला नाही. हे सगळं कळायला किमान काय माहीत हवं?

फार नाही. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद बंदिस्त मैदान. गोलरक्षक धरून प्रत्येकी सात खेळाडू. तीस-तीस मिनिटांची दोन सत्रं. गोलपोस्ट तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. तिच्यासमोर सहा मीटरवर एक वक्र रेषा असते आणि तिच्या आत फक्त गोलरक्षकाला पाय टेकवता येतो. हल्लेखोर त्या रेषेवरून आत झेप घेऊ शकतात, पण पाय जमिनीला लागायच्या आत चेंडू हातातून सुटलेला हवा. या खेळातली ती हवेत तरंगत मारलेली फेक या नियमातून आली आहे. चेंडू हातात घेऊन तीन पावलं किंवा तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. मोठ्या धसमुसळेपणाला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, आणि गोलची हमखास संधी चुकीच्या मार्गाने हिरावली तर सात मीटरवरून पेनल्टी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एका सामन्यात एकेका संघाचे पंचवीस-तीस गोल होतात. त्यामुळे पाच-सहा गोलांची आघाडी सुरक्षित वाटते आणि तशी ती नसते. पुढे २००३ च्या उत्तरात याचा उपयोग होईल.

सेंटर बॅक नेमकं काय करते? गॉर्बित्स त्यात वेगळी कशी?

बचाव करणारा संघ सहा मीटरच्या रेषेवर सहाजणींची भिंत उभी करतो. त्या भिंतीत फट पाडायची, मग त्या फटीतून स्वतः घुसायचं की दुसरीला पाठवायचं ते अर्ध्या सेकंदात ठरवायचं, हे सेंटर बॅकचं काम. कबड्डीत साखळीसमोर डावा-उजवा हेलकावा देत कच्चा दुवा शोधणारी चढाईपटू डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे हाताशी पाच साथीदारही असतात.

या जागेच्या आजूबाजूला उंच, दणकट खेळाडूंचा भरणा असतो. नऊ-दहा मीटरवरून भिंतीच्या डोक्यावरून चेंडू मारणाऱ्या. गॉर्बित्सची उंची सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे या गर्दीत फार नव्हे. तिची ताकद चकव्यात होती. खांदा एका बाजूला टाकायचा, समोरचीचं वजन त्या पायावर गेलं की दुसऱ्या बाजूने निघायचं. पुन्हा ती नुसती चकवा देणारी नव्हती. सुरुवातीच्या काळात ती डाव्या विंगवरही, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेलाही, खेळत असे, त्यामुळे अरुंद कोनातून गोल करणं आणि प्रतिहल्ल्यात धावणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पेनल्टीही तीच घ्यायची. आणि पिव्होटला, म्हणजे भिंतीच्या आत पाठ करून उभ्या असलेल्या साथीदाराला, बचावपटूंच्या काखेखालून दिलेला पास! माझ्या मते तिच्या गोलांपेक्षा हे पास पाहण्यासारखे आहेत. गोलांच्या यादीत मात्र ते दिसत नाहीत.

व्हेस्प्रेमही हँडबॉलचं गाव आहे ना? मग ती ग्यॉरला का गेली?

व्हेस्प्रेम हँडबॉलचं गाव आहे, पण पुरुषांच्या. तिथला पुरुष संघ युरोपात अव्वल मानला जातो. महिलांचा मोठा क्लब ग्यॉरला होता. ग्यॉर हे वायव्य हंगेरीतलं औद्योगिक शहर, बुडापेस्ट आणि व्हिएन्ना यांच्या जवळपास मध्यावर. आउडीचा इंजिनांचा भला मोठा कारखाना इथेच आहे आणि पुढे क्लबच्या नावातही आउडी आलं. चौदाव्या वर्षी तिथे आलेली मुलगी अडतिसाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाली.

ती आली तेव्हा मात्र ग्यॉर हे आजचं ग्यॉर नव्हतं. देशात दबदबा दुनाउय्वारोशच्या दुनाफेर संघाचा होता. पुढे १९९९ ची चॅम्पियन्स लीगही त्यांनीच जिंकली. ग्यॉरने पन्नासच्या दशकानंतर राष्ट्रीय विजेतेपद पाहिलं नव्हतं. ते आलं थेट २००५ मध्ये.

२००३ च्या त्या अंतिम सामन्यात काय झालं? हंगेरीचे लोक अजून त्याबद्दल का बोलतात?

जागतिक स्पर्धा क्रोएशियात होती. प्रशिक्षक लायोश मोचाई, संघाची मुख्य तोफ बोयाना रादुलोविच, आणि वीस वर्षांची गॉर्बित्स. अंतिम फेरीत गाठ फ्रान्सशी. फ्रान्सकडे तोवर जागतिक विजेतेपद नव्हतं, हंगेरीकडे १९६५ चं होतं.

सामन्याच्या उत्तरार्धात हंगेरीकडे सात गोलांची आघाडी होती. इतक्या आघाडीवर संघ साधारणपणे चेंडू फिरवत वेळ काढतो, आणि धोका तिथेच असतो. गोलसाठी न खेळणाऱ्या संघाचा चेंडू पंच काढून घेऊ शकतात, म्हणून घाईत अर्धवट फेकी होतात, त्या गोलरक्षक अडवते आणि पलीकडून प्रतिहल्ला येतो. फ्रान्सची गोलरक्षक व्हालेरी निकोला त्या दिवशी भलत्याच लयीत होती. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. आघाडी एकेका गोलाने वितळत गेली, नियमित वेळेच्या अगदी शेवटी फ्रान्सने बरोबरी गाठली आणि जादा वेळेत सामना ३२–२९ असा घेतला.

हंगेरीच्या प्रेक्षकांना हे जास्त लागलं, कारण तीनच वर्षांपूर्वी सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात असंच घडलं होतं. तिथेही हंगेरी पुढे होती आणि डेन्मार्कने ३१–२७ असं सुवर्ण नेलं. गॉर्बित्स त्या सिडनीच्या संघात नव्हती. पण २००३ चं रौप्य हे राष्ट्रीय संघाकडून तिला मिळालेलं सर्वांत मोठं पदक ठरलं, आणि हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. वीस वर्षांची मुलगी, समोर दहा-बारा वर्षं. सुवर्ण कधीतरी मिळेलच असं सगळे धरून चालले होते.

मग २००५ चा सर्वोत्तम खेळाडूचा किताब कशामुळे?

२००४ च्या डिसेंबरात युरोपीय स्पर्धा हंगेरीतच झाली आणि यजमानांनी कांस्य मिळवलं. २००५ मध्ये ग्यॉर राष्ट्रीय विजेते झाले. त्याच वर्षाच्या शेवटी रशियातल्या जागतिक स्पर्धेत हंगेरीने डेन्मार्कला २७–२४ असं हरवून पुन्हा कांस्य घेतलं. तोवर राष्ट्रीय संघाची सूत्रं आंद्राश नेमेथ यांच्याकडे आली होती आणि मैदानावर संघ गॉर्बित्सभोवती फिरत होता. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. हा किताब तिच्याआधी हंगेरीच्या एर्झेबेत कोचिश (१९९५) आणि बोयाना रादुलोविच (२०००, २००३) यांना मिळाला होता. एका छोट्या देशासाठी ही यादी थक्क करणारी आहे.

ऑलिंपिक पदक का नाही?

संधी दोनदाच आली. २००४ च्या अथेन्समध्ये हंगेरी पाचवी. २००८ च्या बीजिंगमध्ये उपांत्य फेरीपर्यंत मजल गेली, तिथे रशियाने २२–२० असं रोखलं. कांस्यपदकाच्या सामन्यात दक्षिण कोरियाने ३३–२८ असं हरवलं. म्हणजे चौथा क्रमांक.

त्यानंतर हंगेरीचा संघ २०१२ आणि २०१६ या दोन्ही ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. एकोणतिसाव्या आणि तेहतिसाव्या वर्षी, म्हणजे सेंटर बॅकसाठी ऐन बहराच्या वयात, तिला ऑलिंपिक घरी बसून पाहावं लागलं. सांघिक खेळात हे चालायचंच, असं म्हणणं सोपं आहे. मला ते अजूनही खटकतं. युरोपातून येणाऱ्या संघांना जागा इतक्या थोड्या असतात की पात्रता फेरी हीच अनेकदा मुख्य स्पर्धेपेक्षा कठीण होऊन बसते.

२०१२ च्या डिसेंबरात मात्र सर्बियातल्या युरोपीय स्पर्धेत राष्ट्रीय संघाला आणखी एक कांस्य मिळालं. नॉर्वेचे कार्ल एरिक ब्योन तेव्हा प्रशिक्षक होते. ल्युकेमियाशी झुंजत असतानाही ते काम करत राहिले आणि २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं. यजमान सर्बियाविरुद्धचा तो सामना जादा वेळेत ४१–३८ असा संपला. पुढचं युरोपीय पदक हंगेरीला थेट २०२४ मध्ये मिळालं, तोवर गॉर्बित्सची पिढी खेळून झाली होती.

ग्यॉरला चॅम्पियन्स लीग मिळायला इतकी वर्षं का लागली?

हा प्रश्न आजच्या प्रेक्षकांना पडतो, कारण त्यांनी ग्यॉरला जिंकतानाच पाहिलंय. त्याआधीचा काळ पाहिला तर हा क्लब अंतिम फेरीत हरण्यासाठीच प्रसिद्ध होता. युरोपीय महासंघाच्या ईएचएफ चषकाच्या १९९९, २००२, २००४ आणि २००५ अशा चार अंतिम फेऱ्या हरल्या. २००५ मध्ये तर हरवणारा संघही हंगेरीचाच, सेकेशफेहेरवारचा. २००६ मध्ये चषकविजेत्यांच्या स्पर्धेतही तेच. २००९ मध्ये पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली, ती डेन्मार्कच्या विबॉर्गने घेतली.

२०१२ ची हार सर्वांत विचित्र. तेव्हा अंतिम फेरी दोन सामन्यांची असे, एक आपल्या गावात, एक प्रतिस्पर्ध्याच्या. माँटेनेग्रोच्या बुदुचनोस्तविरुद्ध दोन्ही सामन्यांची बेरीज ५४–५४ अशी सारखी झाली. परक्या मैदानावर बुदुचनोस्तचे गोल जास्त होते म्हणून चषक त्यांना. एकही गोल कमी न करता हरणं म्हणजे काय ते त्या संध्याकाळी ग्यॉरला कळलं.

त्याच उन्हाळ्यात स्पेनचे आंब्रोस मार्तीन प्रशिक्षक म्हणून आले. संघात तोवर नॉर्वेची पिव्होट हाइडी ल्योके, गोलरक्षक कात्रीन लुंडे, ब्राझीलची एदुआर्दा आमोरीम, सर्बियाची आंद्रेया लेकिच अशा खेळाडू जमल्या होत्या. २०१३ मध्ये नॉर्वेच्या लार्विकला हरवून पहिली चॅम्पियन्स लीग आली. गॉर्बित्स तिशीत पाऊल टाकत होती. जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरल्यानंतर आठ वर्षांनी तिला क्लबचा सर्वांत मोठा चषक मिळाला. पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये चार संघांची अंतिम स्पर्धा पहिल्यांदाच भरली आणि बुदुचनोस्तलाच २७–२१ असं हरवून २०१२ चा हिशेब चुकता झाला.

बुडापेस्टमध्ये सामने म्हणजे ग्यॉरला घरचाच फायदा नाही का?

प्रतिस्पर्धी चाहते हे दरवर्षी म्हणतात आणि त्यांचं अगदीच चुकीचं नाही. ग्यॉर तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, हिरव्या जर्सी घातलेले हजारो लोक येतात. पण २०१६ मध्ये बुडापेस्टमध्येच, याच प्रेक्षकांसमोर, बुखारेस्टच्या संघाने ग्यॉरला पेनल्टींवर हरवलं होतं, हेही त्यांनी सांगावं.

२०१७ ते २०१९ ची हॅट्ट्रिक इतकी गाजली ती का?

आकडे बघा. २०१७, स्कोप्येच्या वर्दारविरुद्ध, ३१–३०, जादा वेळेत. २०१८, पुन्हा वर्दार, २७–२६, पुन्हा जादा वेळेत. २०१९, रशियाच्या रोस्तोव-दॉनविरुद्ध, २५–२४. सलग तीन अंतिम सामने आणि तिन्ही एका गोलाच्या फरकाने. ज्या क्लबची आणि ज्या पिढीची ओळख हातातोंडाशी आलेला घास गमावणारी अशी होती, त्यांनी तीन वर्षं तेच सामने उलटे फिरवले. यात नशीब होतंच. पण शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात असावा याबद्दल संघात संभ्रम नव्हता, हे मला नशिबापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

२०१९ च्या सामन्याला एक मसालेदार किनार होती. रोस्तोवच्या बाकावर आंब्रोस मार्तीन बसले होते. ग्यॉरला चार चषक मिळवून देऊन ते आदल्या वर्षीच तिकडे गेले होते. ग्यॉरची धुरा गाबोर दान्यी यांच्याकडे होती.

या काळात गॉर्बित्स साठ मिनिटं खेळत नसे. डच सेंटर बॅक निके ग्रोट आणि २०१७ पासून नॉर्वेची स्टीन ओफ्टेडाल यांच्याशी जागा वाटून घ्यायची. तीस-पस्तीस वर्षांच्या, नावाजलेल्या खेळाडूला हे पचणं सोपं नसतं. ग्यॉरच्या यशात या वाटणीचा मोठा हात होता असं मी मानतो, कारण एक दमली की तितक्याच तोडीची दुसरी ताजीतवानी मैदानात यायची.

मुलाच्या जन्मानंतर ती परत कशी आली?

२०१५ मध्ये तिला मुलगा झाला. २०१४–१५ च्या त्या मोसमात ग्यॉर चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या चारात पोहोचलं नाही आणि राष्ट्रीय विजेतेपदही बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोशने नेलं. सगळं तिच्या गैरहजेरीमुळे झालं असं म्हणणार नाही, संघात इतर दुखापतीही होत्या. पुढच्या मोसमात ती परतली. वर सांगितलेले तिन्ही चषक आई झाल्यानंतरचे आहेत. युरोपीय महिला हँडबॉलमध्ये हे तितकं दुर्मीळ नाही, ल्योकेनेही मूल झाल्यावर वर्षानुवर्षं अव्वल दर्जाचा खेळ केला.

तिने क्लब का बदलला नाही?

तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. बाहेरून दिसतं ते असं: साधारणपणे चांगली खेळाडू मोठ्या क्लबच्या शोधात देश सोडते. इथे उलट झालं. पैसा, नवं सभागृह (२०१४ मध्ये उघडलेलं आउडी अरेना) आणि जगातल्या उत्तम खेळाडू हे सगळं ग्यॉरमध्येच आलं. ल्योके २०११ ची, लेकिच २०१३ ची आणि आमोरीम २०१४ ची जगातली सर्वोत्तम खेळाडू. शेजारच्या लॉकरमध्ये अशा खेळाडू असतील तर जायचं कुठे? मात्र २००५ ते २०१२ या काळात, अंतिम फेऱ्या हरत असताना, जायला भरपूर कारणं होती. तेव्हाही ती राहिली.

एकूण आकडेवारी थोडक्यात सांगाल?

चॅम्पियन्स लीगची पाच विजेतेपदं: २०१३, २०१४, २०१७, २०१८, २०१९. हंगेरीची तेरा राष्ट्रीय विजेतेपदं. राष्ट्रीय संघाकडून दोनशेहून अधिक सामने आणि हजाराहून अधिक गोल. चॅम्पियन्स लीगमध्येही हजार गोलांचा टप्पा तिने ओलांडला. तेरा तारखेचा जन्म, तेरा क्रमांकाची जर्सी, तेरा विजेतेपदं, यावर हंगेरीत पुरेसे विनोद झाले आहेत.

रादुलोविच मोठी की गॉर्बित्स?

या वादात पडायचं नसेल तर 'दोघीही' म्हणावं. मी पडतो. राष्ट्रीय संघाचा निकष लावला तर रादुलोविच. २००० चं ऑलिंपिक रौप्य आणि त्याच वर्षीचं युरोपीय सुवर्ण तिच्याकडे आहे, आणि अव्वल बचावफळीवरून लांबून गोल करण्याची तिची ताकद गॉर्बित्सकडे नव्हती. क्लबच्या कारकिर्दीत मात्र तुलनाच नाही. आणि संघातल्या इतरांचा खेळ उंचावण्याच्या बाबतीत मी गॉर्बित्सला वर ठेवीन. बरेच हंगेरियन चाहते याच्याशी सहमत होणार नाहीत.

शेवट कसा झाला? आता ती काय करते?

२०२० ची चॅम्पियन्स लीग कोरोनामुळे पूर्णच झाली नाही. २०२१ मध्ये ग्यॉर जबरदस्त फॉर्मात बुडापेस्टला आलं, वर्षानुवर्षं या स्पर्धेत न हरलेलं, आणि उपांत्य फेरीत फ्रान्सच्या ब्रेस्टकडून पेनल्टींवर हरलं. दुसऱ्या दिवशी तिसरा क्रमांक मिळवला. राष्ट्रीय विजेतेपदही त्या वर्षी फेरेन्त्सवारोशकडे गेलं. बारा वर्षं ग्यॉरच्या बचावाचा कणा असलेल्या आमोरीमनेही त्याच उन्हाळ्यात क्लब सोडला.

गॉर्बित्स क्लबच्याच व्यवस्थापनात गेली आणि पुढे अध्यक्ष झाली. २०२४ आणि २०२५ मध्ये ग्यॉरने पुन्हा चॅम्पियन्स लीग जिंकली.

तिचा खेळ पाहायचा तर कुठल्या सामन्यापासून सुरुवात करू?

२०१८ चा वर्दारविरुद्धचा अंतिम सामना. जादा वेळेसकट पूर्ण पाहा, निवडक गोलांची चित्रफीत नको, त्यात पास कापलेले असतात. तो आवडला तर २०१४ चा बुदुचनोस्तविरुद्धचा. २००३ चा शेवटी ठेवा, आणि हंगेरियन मित्राबरोबर अजिबात पाहू नका.